कस्तुरीच्या कर्जाचं टेंडर

२ मार्च, रविवार

ही डायरी एका पार्टीने दिलेली. प्रत्येक पानावर व्हॉल्व्हचं चित्र. पार्टीचा माल भिकार, पण कागद उत्तम, म्हणून तीन वर्षं कपाटात जपून ठेवली होती. साल जुनं असल्यामुळे वार खोडून लिहावे लागतात, तेवढं चालेल. आज उद्घाटन. पुढच्या तीन महिन्यांत जे घडणार आहे त्याची लेखी नोंद असायला हवी. वाचायची परवानगी मात्र कुणालाही नाही.

कस्तुरीला हॉलंडच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. एम.एस्सी., पाण्याचं व्यवस्थापन, दोन वर्षं. सगळं मिळून चौतीस लाख. ३१ मेच्या आत पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च त्यांच्या खात्यात पोचला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. घरात शिल्लक साडेपाच लाख. म्हणजे एज्युकेशन लोन आलं.

विनया म्हणाली, आमच्या शास्त्रीनगरच्या ब्रँचमध्ये विचारते. एकवीस वर्षं शाळेचा पगार तिथेच जमा होतो, मीणा मॅडम ओळखीच्या आहेत.

मी हसलो. या बायकांचं एक आहे, ओळखीचा भाजीवाला, ओळखीचा शिंपी, ओळखीची बँक. मी सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात पर्चेस बघतो. जयपूरच्या अख्ख्या झोटवाड्यात असा एक सप्लायर नाही जो मला बघून घाम पुसत नाही. आणि माझ्या मुलीचं कर्ज मी पहिल्या दुकानातून घेऊ?

संकल्प : १० एप्रिलच्या आत मंजुरी. व्याज नऊच्या आत. प्रोसेसिंग फी शून्य.

५ मार्च, बुधवार

लोकांना कळत नाही की पैसा हासुद्धा एक मालच आहे. बँक म्हणजे सप्लायर. आपण गिऱ्हाईक. मग टोपी हातात धरून उभं का राहायचं?

इन्क्वायरी लेटर तयार केलं. दोन पानी. चौतीस लाख रुपयांचा पुरवठा, सीलबंद पाकिटात दर कळवावेत, दर साठ दिवस कायम राहावेत, कोणतंही कोटेशन कारण न देता नाकारण्याचा हक्क खरेदीदाराकडे राखीव. शेवटची तारीख १५ मार्च, सायंकाळी पाच. एकूण सात पार्ट्या निवडल्या. चार बँका, तीन फायनान्स कंपन्या. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं.

विनयाची बँक यादीत नाही. अकरा वर्षांपूर्वी फाटकी नोट बदलायला गेलो होतो, तर काउंटरवरच्या माणसाने माझ्यादेखत अख्खा डबा संपवला आणि वर बडीशेप खाल्ली. असे लोक चौतीस लाख काय देणार.

कस्तुरीने लेटर वाचलं. मुलीचा जन्म जयपूरचा, मराठी वाचताना ती हिंदीतून वळसा घालून येते, म्हणून मी तिच्यासाठी इंग्रजी प्रत ठेवली होती. म्हणाली, बाबा, मतलब बँकेला आपण टेंडर पाठवतो? मी म्हटलं, आपणच पाठवतो, बाकीचे लोक अर्ज पाठवतात. तिने लेटर उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. भारावली असावी.

९ मार्च, रविवार

इथल्या मराठी मंडळात गेलो. वसंतराव भेटले. सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता मंडळाचे खजिनदार आहेत. त्यांच्या निहारने मागच्या वर्षी कॅनडासाठी लोन घेतलं. मी विचारलं, किती पार्ट्यांकडून दर मागवले? म्हणाले, कसल्या पार्ट्या, कोपऱ्यावरच्या बँकेत गेलो, साहेबांनी कागद मागितले, दिले, तीन आठवड्यांत काम झालं.

फौजेत तीस वर्षं काढलेला माणूस. ऑर्डर आली की सलाम. सौदा करायचा असतो हेच यांच्या डोक्यात शिरत नाही. दर विचारला तर आठवेना. मला त्यांची खरोखर कीव आली.

१५ मार्च, शनिवार, सायं. ५.३०

होळीमुळे पोस्टाचा घोळ असणार. आलेली पाकिटं : शून्य.

एका बँकेने फोन करून विचारलं की कारखान्याला खेळतं भांडवल हवंय का. दुसरीकडून क्रेडिट कार्ड घ्या म्हणून एका मुलीचा फोन. तिसऱ्या बँकेने माझं लेटर परत पाठवलं, त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. बाकीच्यांची मजल तेवढीही नाही.

यावरून एक सिद्ध झालं. या देशात बँकांना स्पर्धेची सवय नाही. आता स्वतः जाऊन एकेकाकडून दर काढून घेणार. रजा : सहा दिवस.

२२ मार्च, शनिवार

सहा दिवसांत सातही पार्ट्या केल्या. प्रत्येक ठिकाणी एकच नाटक. दर सांगा म्हटलं की म्हणतात आधी फॉर्म भरा. फॉर्म भरला की पॅन कार्ड. पॅन कार्ड दिलं की मोबाइलवर आकडा येतो, तो सांगा. मी सातही ठिकाणी भरला, सातही ठिकाणी आकडा सांगितला. फुकटच तर आहे. जितक्या जास्त ठिकाणी आपली फाइल फिरेल तितका मार्केटमध्ये दबाव.

झालान्याची फायनान्स कंपनी सगळ्यात चकचकीत. लोक झालान्याला पैसे भरून जीपमधून बिबट्या बघायला जातात. मी फुकटात बघून आलो. नाव हेमेंद्र सिंह, वय चोवीस, केसांना तेल की जेल देव जाणे. बारा पूर्णांक पंच्याहत्तर टक्के, दीड टक्का फी, वर एक लाख दहा हजारांचा विमा. विमा कशाला विचारलं तर म्हणाला, “भगवान न करे सर, आपको कुछ हो जाए.” गिऱ्हाइकाला मारूनच सुरुवात.

मी कागद गोळा केले आणि उठलो. दारापर्यंत गेलो. ही माझी जुनी पद्धत आहे, दारापर्यंत गेलं की सप्लायर हाक मारतो. त्याने हाक मारली. बारा पन्नास आणि कोल्ड कॉफी. सव्वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

तिथेही मोरेजी. मोरेश्वर भडकमकर हे नाव आजवर एकाही राजस्थानी माणसाच्या तोंडात बसलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मोरे माझं आडनाव. कॉफीच्या कपावरसुद्धा तेच लिहिलं होतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

गच्चीवर गुढी उभारली. शेजारच्या भाभीजींनी याही वर्षी विचारलं की तांब्या उलटा का. याही वर्षी सांगितलं.

विनया आणि कस्तुरीची परवा शास्त्रीनगरच्या ब्रँचमध्ये चक्कर झाली. कस्तुरीचं खातं उघडायला म्हणे. कापडी पिशवीत कागद कोंबून गेल्या. कापडी पिशवी! मी फाइलला इंडेक्स केलाय, रंगीत फ्लॅग लावलेत. प्रवेशाचं पत्र हवं म्हणून कस्तुरी आली तेव्हा तिला रजिस्टरवर सही करायला लावली. कागद बाहेर गेला की नोंद झाली पाहिजे, मग मुलगी असो नाहीतर मालक. तिने मुकाट्याने सही केली. “प्रयोजन” या रकान्यात तिने “काम” असं लिहिलं. अस्पष्ट आहे, पण सोडून दिलं.

विनयाने आपल्या पगाराच्या स्लिपाही मागितल्या. त्या माझ्या फाइलमध्ये नव्हत्याच. तिच्या पगाराचा या व्यवहाराशी काय संबंध?

८ एप्रिल, मंगळवार

कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट पूर्ण. चौदा रकाने. व्याज, फी, विमा, कोर्स संपल्यावर हप्ता किती महिन्यांनी, मधल्या काळातलं व्याज चक्रवाढ की साधं, मुदतीआधी फेडलं तर दंड, ऑफिसरची वागणूक (दहापैकी गुण). लॅमिनेट करून घेतलं. कारखान्यात अकाउंट्सच्या पोरांना दाखवलं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले.

एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दराची पार्टी : पार्टी नं. ४, खासगी बँक. दहा पासष्ट. हे नऊवर आणायचं माझ्याकडे लागलं.

फक्त त्यांना घर तारण हवंय. देऊ. घर काय चुलीत घालायचंय?

९ एप्रिल, बुधवार

बँकेचा वकील मूर्ख आहे.

आमचा प्लॉट सोसायटीच्या पट्ट्याचा. जयपूरला नव्याने येणाऱ्याला हे समजावं लागतं. जेडीएचा, म्हणजे जयपूर विकास प्राधिकरणाचा पट्टा सरकारी, महाग. सोसायटीचा पट्टा म्हणजे गृहनिर्माण सोसायटीने आपल्या शिक्क्याने दिलेला कागद, स्वस्त. दोन हजार सहा साली शेजारचे लोक जेडीएच्या प्लॉटमागे धावत होते, मी एक तृतीयांश कमी भावात हा उचलला. पार्टीला दारापर्यंत जाऊन तीनदा हाक मारायला लावली होती. आजही त्या सौद्याची आठवण आली की छाती फुगते.

वकील म्हणतो, या कागदावर बँक पाच रुपयेही देणार नाही. मी म्हटलं, एकोणीस वर्षं राहतोय, लाइट आहे, नळ आहे, पावती आहे. म्हणतो, राहा की, राहायला कोण नाही म्हणतंय.

या घरावर पार्टी नं. ४ ची नजर होती असा मला आधीपासून संशय होताच. वाचलो.

११ एप्रिल, शुक्रवार

विनयाने आज अचानक बासुंदी केली. कारण विचारलं तर म्हणाली, सहज. कस्तुरीने तीन वाट्या खाल्ल्या आणि विनाकारण मला मिठी मारली. चौदा रकान्यांची मेहनत घरच्यांच्या लक्षात आलेली दिसते. माणूस बोलत नाही, पण कळतं.

१० एप्रिलची मुदत टळली आहे, पण ती मीच घातलेली होती, त्यामुळे वाढवायचा अधिकारही माझाच. नवी मुदत : ३० एप्रिल.

२५ एप्रिल, शुक्रवार

झालान्याकडून अजून काही नाही. बाकी सहाही पार्ट्यांचं एकाच भाषेत उत्तर. दिलगीर आहोत. यांची आपसात युती असणार, आमच्या धंद्यातही बेअरिंगवाल्यांची अशीच असते.

पार्टी नं. २ च्या ऑफिसरला धरून बसवलं. त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. माझा क्रेडिट स्कोअर सहाशे एक्केचाळीस. मी विचारलं, कितीपैकी? नऊशेपैकी. म्हणजे एकाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन चार टक्क्यांनी हुकलं, पण फर्स्ट क्लास तर आहे. तो म्हणाला, सर, इथे सातशेच्या खाली आम्ही बघत नाही. या पोराला स्वतःला बारावीत किती होते देव जाणे.

कमी का, तर दोन कारणं दिली. पहिलं, मार्चच्या एका आठवड्यात सात ठिकाणी कर्ज मागितलं. त्यांच्या लेखी असं करणारा माणूस गळ्यापर्यंत बुडालेला. मी समजावलं की हे कर्ज मागणं नव्हे, दर मागवणं होतं. तो म्हणाला, कॉम्प्युटरला ते कळत नाही. सातही ठिकाणी मी आकडा सांगितला होता, त्या प्रत्येकाची नोंद झालेली.

दुसरं कारण ऐकून तर मी चाटच पडलो. सहा वर्षांपूर्वी एका क्रेडिट कार्डवाल्याने मला अडतीस हजारांचं बिल लावलं होतं. त्यातला अर्धा दंडच. मी भांडलो, आठ महिने भांडलो, आणि पंधरा हजारांत मिटवलं. तेवीस हजार वाचवले! त्या आनंदात आम्ही तेव्हा आमेरला जाऊन जेवलो होतो. आता हा पोरगा सांगतो की पूर्ण पैसे न भरता खातं मिटवणारा माणूस बँकांना नको असतो, आणि कागदोपत्री मी तो माणूस आहे.

सौदा जिंकल्याची शिक्षा देणारा धंदा मी प्रथमच बघतोय.

घरी काही सांगितलं नाही. विनयाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अंतिम टप्पा.

३ मे, शनिवार

कोंडी झाली की सप्लायर नाही, किंमत बदलायची. चौतीस लाखांचे तीस झाले तर? सरळ युनिव्हर्सिटीला मेल केली. दोन वर्षांची फी एकदम भरल्यास बारा टक्के सूट, शिवाय पुढे जयपूरहून आणखी विद्यार्थी पाठवण्याचं मोघम आश्वासन.

त्यांचं उत्तर आलं, चोवीस तासांत. फी ठरलेली आहे, आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. खाली एका बाईचं नाव आणि सायकलचं चित्र. सायकलवरून ऑफिसला येणाऱ्या लोकांकडून दुसरी काय अपेक्षा करणार.

कस्तुरीलाही त्या मेलची प्रत गेली होती. संध्याकाळभर खोलीचं दार बंद. आत बहुतेक रडली. पण डोळे पुसून जेवायला आली आणि म्हणाली, बाबा, पुढची मेल करण्याआधी मला दाखवाल ना? मुलीला माझं इंग्रजी शिकायचंय असं वाटून बरं वाटलं. नंतर तितकंसं वाटलं नाही.

१६ मे, शुक्रवार

पंचेचाळीस डिग्री. कूलरमध्ये पाणी टाका, काढा, टाका.

हेमेंद्र सिंहला शेवटी मीच फोन केला. सहाव्या खेपेला उचलला. माझा बारा पन्नास कुठे गेला विचारलं तर म्हणतो, सर, वो तो प्रोफाइल देखने से पहले का था। आता चौदा पंचवीस. विमा आहेच. आणि बाहेरचा एक जामीनदार.

जामीनदार म्हणजे कुणापुढे तरी हात पसरणं. तरी गेलो. वसंतराव बनियनवर बसून कलिंगड खात होते. माझं पुरतं बोलून व्हायच्या आधीच म्हणाले, कुठे सही करायची ते सांग, कस्तुरीसाठी विचारायचं काय? आणि खरंच चष्मा शोधू लागले.

मी चहा घेऊन परत आलो. सही घेतली नाही. जो माणूस कागद न वाचता इतक्या पटकन सही करतो, त्याच्या सहीला बाजारात काय किंमत?

रस्त्याने गाडी चालवताना मात्र डोळ्यांत सारखं पाणी येत होतं. इथला गरम वारा, लू.

२४ मे, शनिवार

आठ दिवस उरले. या घराला परिस्थितीचं गांभीर्यच नाही. बाहेर डांबर वितळतंय आणि विनया कस्तुरीसाठी लोकरीचे मोजे घेऊन आली. सेलमध्ये होते म्हणे. मी म्हटलं, आधी जायची खात्री तर होऊ दे. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मोजे आत ठेवले. या दोघींना वाटतं बाबा करतील सगळं. त्या विश्वासाचाच त्रास होतो.

प्रॉव्हिडंट फंडाची चौकशी केली, तो घर बांधताना बहुतेक उचललेला. जेवढे मिळतील तेवढ्यात फक्त तिकीट आणि मोजे होतील.

मालकांकडे उचल मागायचा विचार केला. सव्वीस वर्षांत मी त्यांच्यासाठी वाचवलेल्या पैशाचा हिशेब काढून त्यांच्यापुढे ठेवायचा. केबिनच्या दारापर्यंत गेलो. आतून कोणी हाक मारली नाही.

२९ मे, गुरुवार

हेमेंद्र सिंहचा एसएमएस. आठ शब्द. नकार.

तो चौदा पंचवीसचा लुटारू, त्यालाही मी चालत नाही.

लॅमिनेट केलेला तक्ता टेबलावर ठेवून तासभर बसलो होतो. चौदा रकाने, एकाही रकान्यात मी नाही. सातही पार्ट्यांची झाडून तपासणी केली, पण खरेदीदार तपासायचा राहून गेला.

उद्या कस्तुरीला सांगायचं. तिने दोन वर्षं मरमर अभ्यास केला. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. ती जागा माझ्यामुळे जाणार, बँकांमुळे नाही. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

३० मे, शुक्रवार

सकाळी, विनया शाळेच्या कामाला निघायच्या आत, दोघींना बसवलं. भाषण तयार होतं. बँकांची युती, वकिलाचा मूर्खपणा, स्कोअरची पद्धत. पहिलं वाक्यही धड आलं नाही. म्हटलं, कस्तुरी, मला कोणी कर्ज देत नाही बेटा. 

कस्तुरीने विनयाकडे बघितलं. मग म्हणाली,

“बाबा, लोन झालंय. मतलब, अकरा एप्रिललाच झालंय.”

शास्त्रीनगरची ब्रँच. कस्तुरी कर्जदार, विनया सहकर्जदार. ती युनिव्हर्सिटी त्या बँकेच्या स्वतःच्या यादीत आहे, अशा ठिकाणी त्यांना घर तारण लागतच नाही. दर नऊ पंधरा, मुलगी म्हणून अर्धा टक्का सूट धरून. पहिल्या वर्षाचे पैसे वीस मेला हॉलंडला पोचलेसुद्धा. पावती आली आहे. व्हिसाचे कागद लागले आहेत.

मी विचारलं, प्रोसेसिंग फी? शून्य, विनया म्हणाली. कशी काय शून्य? म्हणाली, मी विचारलं, फी लागते का हो, तर मीणा मॅडम म्हणाल्या, नाही लागत.

एवढंच. उठून दारापर्यंत जावंसुद्धा लागलं नाही तिला.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? दीड महिना मी वणवण फिरतोय. यावर विनया खाली बघून पर्सची चेन लावत बसली. कस्तुरीच बोलली. पोरीला मराठीत गोलगोल बोलता येत नाही, येतं ते सरळच येतं.

“आई म्हणाली, बाबांना त्यांचं टेंडर करू दे. ते ब्रँचमध्ये आले असते तर मीणा मॅडमनी फाइल परत केली असती. आणि तुम्ही खूश होता ना, बाबा. मग मेमध्ये सांगणार होतो, तर तुम्ही इतके परेशान, की आम्हाला भीती वाटली.”

कसली भीती, मी विचारलं नाही.

विनया शाळेत गेली. जाताना म्हणाली, पोळ्या झाल्यात, गरम करून खा. मी कारखान्यात गेलो. दिवसभर सप्लायरांना भेटलो. एकालाही भाव कमी करायला सांगितलं नाही. त्यातला एक घाबरून आपणहून दोन टक्के कमी करून गेला.

१ जून, रविवार

शांतपणे विचार केला. एकूण व्यवहाराकडे बघता धोरण बरोबर होतं. मी सात मोठ्या पार्ट्यांना मार्केटमध्ये गुंतवून ठेवलं, त्यामुळे आठव्या पार्टीला दर खाली ठेवावा लागला. विनयाला हे कळणार नाही. वसंतरावांना मंडळात सांगितलं. म्हणाले, हो ना, अकरा एप्रिललाच विनयावहिनींनी पेढे पाठवले होते.

म्हणजे कलिंगड खाताना माहीत होतं त्यांना. तरी चष्मा शोधत होते.

आता नऊ पंधराचे नऊ दहा होऊ शकतात. मंगळवारी अर्धी रजा टाकून शास्त्रीनगरला जाणार.

३ जून, मंगळवार

गेलो नाही. विनयाने नुसतं एकदा बघितलं.

२० जुलै, रविवार

व्हिसा आला. मंडळाने कस्तुरीचा सत्कार केला, नारळ आणि शाल. तिला चार शब्द बोलायला सांगितलं. अडखळत बोलली. आईचे आभार मानले, शाळेचे, मीणा मॅडमचे. मग म्हणाली, आणि बाबांनी खूप खूप मेहनत केली. लोक थांबले, कशाची मेहनत ते ऐकायला. तिला पुढचा शब्द सापडेना. मराठीत नाही, हिंदीतही नाही. शेवटी वसंतरावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

१७ ऑगस्ट, रविवार

कस्तुरी परवा पहाटे निघणार. आधी दिल्ली, मग पुढे.

हप्ते कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू. तिची नोकरी लागेपर्यंत विनयाच्या पगारातून. सगळं ठरलेलं आहे, सगळं लिहिलेलं आहे, त्या कापडी पिशवीत. मी विचारलं, मग मी काय करू? विनया मेथीचे ठेपले बांधत होती. जरा विचार करून म्हणाली, बॅगेचं वजन करा. तेवीस किलोच्या वर चालत नाही, तिथे एकेका किलोचे पैसे घेतात.

काटा माणसांचा आहे, बॅग त्यावर नीट उभी राहत नाही, आकडा दिसत नाही. मग बॅग छातीशी धरून मीच काट्यावर उभा राहिलो. कस्तुरीने खाली वाकून आकडा वाचला. दोघं मिळून एकशे दोन.

मग बॅग खाली ठेवली आणि एकटा उभा राहिलो. एकोणऐंशी पूर्णांक तीन. म्हणजे मला वजा करून बॅग बावीस किलो सातशे.

बरोबर बसते, ती म्हणाली, काही काढायला नको.